काशीदचा किनारा आणि चित्रकाराचे यंत्र

अलिबागहून मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्याने रेवदंड्याची खाडी ओलांडली आणि कोर्लईचा किल्ला मागे टाकला की थोड्याच वेळात काशीद येते. पांढऱ्या वाळूच्या या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची जी गर्दी लोटते, तिच्यात अलीकडे एक निराळा वर्ग दिसू लागला आहे. तो विश्रांतीसाठी आलेला नसतो. काम बरोबर घेऊन आलेला असतो. मासिकांसाठी चित्रे काढणारे, जाहिरातींची मांडणी करणारे, विवाहेच्छू जोडप्यांची छायाचित्रे आणि चित्रफिती टिपणारे असे हे व्यावसायिक. त्यांच्यापैकी काहींनी लॅपटॉप घरी ठेवून एक महागडा टॅब्लेट आणि त्याची लेखणी एवढ्यावर काम भागविण्यास आरंभ केला आहे. त्यांचे भागत असेल तर लॅपटॉप हवाच कशाला, असा प्रश्न मग कलाशाखेचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक विचारू लागले तर नवल नाही.

प्रश्न वरवर पाहता खरेदीचा आहे, आणि ग्राहकांना सल्ले देणे हे काही अग्रलेखाच्या पानाचे काम नव्हे. परंतु ज्या घरात शिक्षकाचा किंवा कारकुनाचा एकच पगार येतो आणि ज्या घरातील मुलाने वा मुलीने उपयोजित कलेचा मार्ग धरलेला आहे, तेथे असे यंत्र एकदाच घेतले जाते. पदवीची चार वर्षे आणि व्यवसायाची पहिली दोन-तीन वर्षे त्यावरच काढावयाची असतात. तेथे निवड चुकली तर तिचे व्याज दीर्घकाळ भरावे लागते. मे २०२४ मध्ये ॲपल कंपनीने आणलेल्या तेरा इंची आयपॅड प्रोची भारतातील प्रारंभीची किंमत १,२९,९०० रुपये होती. लेखणीचे ११,९०० आणि कळफलकाचे ३३,९०० रुपये निराळे. म्हणजे ज्याला लॅपटॉपचा पर्याय म्हणावयाचे तो संपूर्ण संच १,७५,७०० रुपयांवर जातो. त्याच कंपनीचा, त्याच पिढीची चिप असलेला तेरा इंची मॅकबुक एअर हा लॅपटॉप मार्च २०२५ मध्ये ९९,९०० रुपयांना बाजारात आला. स्वस्त पर्याय म्हणून टॅब्लेटकडे पाहणाऱ्यांनी ही बेरीज आधी करून पाहावी.

सामर्थ्याचा वाद मात्र आता संपल्यासारखाच आहे, हे मान्य केले पाहिजे. जानेवारी २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयपॅड जगापुढे ठेवला तेव्हा तो आरामखुर्चीत बसून वाचण्या-पाहण्याचे साधन म्हणून ठेवला. २०१५ मध्ये आयपॅड प्रोबरोबर लेखणी आली आणि चित्रकार त्याकडे वळले. २०१७ साली तर कंपनीने अशी जाहिरात केली की, तीत आयपॅड घेऊन हिंडणारी मुलगी शेवटी ‘कॉम्प्युटर म्हणजे काय?’ असे विचारते. पुढे २०१९ मध्ये फोटोशॉप, २०२० मध्ये इलस्ट्रेटर आणि २०२३ मध्ये चित्रपट-संकलनाचे फायनल कट व संगीत-मुद्रणाचे लॉजिक ही व्यावसायिकांची सॉफ्टवेअर त्यावर आली. जी चिप लॅपटॉपमध्ये तीच टॅब्लेटमध्ये, अशी आज स्थिती आहे. तेव्हा टॅब्लेट दुबळा म्हणून तो नको, हे म्हणणे आता टिकणारे नाही. अडचण असलीच तर ती दुसरीकडे आहे.

ती शोधण्यापूर्वी टॅब्लेटचे गुण मोकळेपणाने मान्य करावयास हवेत. कारण ते जाहिरातीतले नाहीत, खरे आहेत. काशीदसारख्या ठिकाणी तर ते विशेष जाणवतात. समुद्रावरची खारी, दमट हवा आणि बारीक वाळू या दोन गोष्टी पंखा असलेल्या लॅपटॉपच्या शत्रू. हवेबरोबर क्षार आत ओढले जातात आणि यंत्र आतून गंजत जाते. टॅब्लेटला पंखा नसतो, बहुतेक फटी बंद असतात. २०२४ च्या तेरा इंची आयपॅड प्रोचे वजन ५७९ ग्रॅम, तर उल्लेखिलेल्या मॅकबुक एअरचे सव्वा किलोच्या आसपास. वीज हाही कोकणात गौण मुद्दा नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनारपट्टीवर आदळले तेव्हा रायगडमधील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत काशीदचा जुना पूल कोसळून अलिबाग-मुरूड वाहतूकच तुटली. अशा प्रदेशात थोड्या विजेवर दिवस काढणारे, पिशवीत मावणारे साधन हवेसे वाटले तर त्यास चैन म्हणता येणार नाही.

चित्रकारापुरते बोलावयाचे तर लाभ याहून मोठा आहे. लॅपटॉपला जोडलेल्या साध्या रेखनपट्टीवर हात एकीकडे चालतो आणि रेघ दुसरीकडे, पडद्यावर, उमटते. टॅब्लेटवर जेथे लेखणी टेकते तेथेच रेघ उमटते. दाब वाढला की जाड होते, लेखणी कलली की पसरते. कागदावर शिकलेला हात तेथे पहिल्याच दिवशी चालू लागतो. ‘प्रोक्रिएट’ हे टास्मानियातील एका छोट्या कंपनीचे सॉफ्टवेअर २०११ पासून आयपॅडवरच वाढले, आणि एकदाच किंमत मोजून ते मिळते, ही आजच्या मासिक वर्गणीच्या जमान्यात कौतुकाची गोष्ट आहे. डेव्हिड हॉकनीसारख्या जगन्मान्य चित्रकाराने सत्तरी ओलांडल्यावर आयपॅड हाती घेतला आणि २०११ मध्ये यॉर्कशरच्या वसंतागमनाची चित्रमालिका त्यावर रेखाटली. उघड्यावर बसून, बदलत्या उजेडाचा पाठलाग करीत चित्र काढणाऱ्याला रंग वाळण्याची वाट पाहावी लागत नाही, ही सोय काशीदच्या संध्याकाळी ज्याने अनुभवली असेल त्याला ती पटवून द्यावी लागणार नाही. (दुपारी मात्र तेच यंत्र उन्हात तापून पडदा मंद करते आणि सावली शोधावयास लावते, हेही त्याला ठाऊक असेल.)

हॉकनीच्याच एका कामाकडे मात्र अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये २०१८ साली राणी एलिझाबेथ यांच्या कारकीर्दीच्या सन्मानार्थ रंगीत काचेची एक भव्य खिडकी बसविण्यात आली. तिचे संकल्पचित्र हॉकनीने आयपॅडवर केले. खिडकी घडली ती यॉर्कमधील बार्ली स्टुडिओ या काचकामाच्या कार्यशाळेत, तेथील कारागिरांच्या हातून. चित्र पूर्ण झाले म्हणजे काम पूर्ण झाले, असे हॉकनीला म्हणता आले, कारण पुढचा सारा भार उचलणारी माणसे आणि भट्ट्या त्याच्या पाठीशी उभ्या होत्या. टॅब्लेटवर ज्यांचे भागते ते बहुधा असेच लोक असतात. त्यांच्या कामाचा शेवट दुसरे कोणी तरी करीत असते.

व्यावसायिक आणि हौशी यांतील भेदही येथेच आहे. हौशी माणूस त्याला आवडेल त्या रूपात चित्र संपवितो. व्यावसायिकाला ते छापखान्याला, प्रकाशकाला, जाहिरातसंस्थेला किंवा गिऱ्हाइकाला हव्या त्या रूपात द्यावे लागते, आणि ते रूप ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. मराठीत काम करणाऱ्यास तर याचा अनुभव पावलोपावली येतो. काशीदला घरगुती निवास-भोजनाची सोय करणाऱ्या एखाद्या कुटुंबाला फलक करून हवा आहे, असे समजा. समुद्राचे, सुरूच्या झाडांचे सुरेख चित्र टॅब्लेटवर काढता येईल. पण फलक छापला जातो तो अलिबागच्या किंवा मुरूडच्या फ्लेक्सच्या दुकानात, आणि तेथे बहुधा विंडोजवर कोरलड्रॉ चालू असते. गेल्या वर्षीच्या फलकाची फाइल त्यातलीच असते आणि तिच्यातला मराठी मजकूर कोणत्या तरी जुन्या फॉन्टमध्ये जुळविलेला असतो. संपूर्ण कोरलड्रॉ आयपॅडवर चालत नाही. ‘फोन नंबर तेवढा बदलून द्या’ एवढी साधी मागणी पुरी करण्यासाठीही मग दुसऱ्याचे यंत्र शोधावे लागते.

या जुन्या फॉन्टांचे प्रकरण अनेकांना ठाऊक नसते, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा सॉफ्टवेअरांवर मराठीची अक्षरजुळणी होत असे. त्यांच्या जुन्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी साठविलेली असतात ती रोमन अक्षरांचीच चिन्हे. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवितो. फॉन्ट नसेल तेथे मजकुराची निरर्थक खिचडी दिसते. आयपॅडवर बाहेरचा फॉन्ट बसविता येतो, हे खरे. पण फॉन्ट बसविला की काम झाले असे नाही. त्याच्याबरोबर येणारी कळफलकाची योजना आणि मजकूर युनिकोडमध्ये नेणारी-आणणारी साधने ही विंडोजच्या संगणकासाठी घडविलेली आहेत. मराठी प्रकाशकांची दोन-अडीच दशकांची पुस्तके, शिक्षणसंस्थांचे अहवाल, नियतकालिकांचे जुने अंक हे सारे भांडार अशा फाइलींत आहे. नवी आवृत्ती काढावयाची तर त्या उघडाव्या लागतात. ज्याच्यापाशी त्या उघडणारे यंत्र नाही, त्याला हे काम मिळणार नाही; आणि मराठी कलाक्षेत्रात नवख्या मुलांना पहिल्याने मिळते ते बहुतेक वेळा असेच काम असते.

दिवाळी अंकाचे उदाहरण घ्या. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला तेव्हापासून चित्रकार आणि अक्षरजुळणी करणारा असे दोन निराळे कारागीर त्या कामात आहेत. आज कथाचित्रे आणि मुखपृष्ठ टॅब्लेटवर होऊ शकते, होतेही. परंतु दोनअडीचशे पानांची मांडणी, शीर्षके, मुद्रितशोधनाच्या चार-चार फेऱ्या आणि शेवटी छापखान्याला द्यावयाची पीडीएफ हा भाग इनडिझाइनसारख्या सॉफ्टवेअरवर होतो, आणि त्याची आयपॅडसाठी आवृत्ती नाही. मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हवा असेल तर मजकूर हिंदी नसून मराठी आहे, हे फॉन्टला कळवावे लागते; आणि ते कळविण्याची सोय टॅब्लेटवरील अनेक सॉफ्टवेअरांत नसते. ही बाब बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. ज्याच्या नावावर पान छापले जाते त्याला ती वाटत नाही.

अक्षर घडविणाऱ्यांचे काम तर याहूनही यंत्राच्या पोटात शिरणारे. र. कृ. जोशी हे मूळचे सुलेखनकार. बोरू, कुंचला, जे हाती येईल त्याने लिहिणारे. १९८० च्या दशकात मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत अक्षररचनेसाठी ‘विन्यास’ हे सॉफ्टवेअर तयार झाले त्यात ते होते, आणि विंडोज २००० बरोबर देवनागरीचा जो ‘मंगल’ फॉन्ट जगभर गेला तो त्यांचा. अक्षराचे वळण हातात असून भागत नाही. जोडाक्षर केव्हा जुळावे, रफार कोठे बसावा, वेलांटीने कोणावर छत्र धरावे याचे नियम संगणकाला शिकवावे लागतात, हे त्यांनी ओळखले. मुंबईच्याच एक टाइप या मंडळींनी ‘मुक्ता’सारखा फॉन्ट सर्वांना मोफत उपलब्ध करून दिला, त्यामागेही असेच शेकडो अक्षररूपांचे आणि नियमांचे काम आहे. अशा कामासाठी प्रचलित असलेले ‘ग्लिफ्स’ हे सॉफ्टवेअर मॅकवरच चालते, आयपॅडवर नाही. अक्षराची पहिली रेघ टॅब्लेटवर जरूर काढावी. पण फॉन्ट तेथे पुरा होत नाही.

चित्रफितींची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. किनाऱ्यावर ड्रोन उडवून विवाहेच्छू जोडप्याचे चित्रण करणाऱ्यांच्या हाती तासाभरात सहज ४५ जीबी सामग्री जमते. सेकंदाला शंभर मेगाबिट या वेगाने हिशेब केला तर तेवढीच येते. २५६ जीबीच्या टॅब्लेटवर ती किती साठवावी? सेकंदाला दहा मेगाबिटची जोडणी मिळाली तरी ती वर चढवावयास दहा तास लागतात. फायनल कटच्या आयपॅडवरील पहिल्या आवृत्तीत बाहेरच्या डिस्कवरून थेट संकलन करता येत नव्हते. ती सोय २०२४ मध्ये आली. तीन-चार मिनिटांची फीत तेथल्या तेथे जुळवून गिऱ्हाइकाला दाखविण्यास टॅब्लेट उत्तम आहे. दोन दिवसांच्या लग्नाचे संकलन त्यावर करण्याचा हट्ट मात्र कोणी धरू नये.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. सगळेच टॅब्लेट आयपॅड नव्हेत. मायक्रोसॉफ्टचा सरफेस प्रो २०१३ पासून बाजारात आहे, त्यावर संपूर्ण विंडोज चालते आणि म्हणून वर सांगितलेल्यापैकी बरेचसे अडथळे त्यास लागू होत नाहीत. खरे आहे. पण मग तो कळफलक काढून ठेवता येणारा लॅपटॉपच झाला. प्रश्न आकाराचा नाही. यंत्रावर कोणते सॉफ्टवेअर चालावे हे यंत्राचा मालक ठरवितो की यंत्र बनविणारा, हा आहे. आयपॅडवर जे येते ते बहुतांशी कंपनीच्या दुकानातून आणि कंपनीच्या अनुमतीने येते. फायनल कट मॅकसाठी एकदाच पैसे भरून घेता येत होते. आयपॅडवर ते २०२३ मध्ये आले तेच वर्गणीच्या रूपाने. वर्गणी थांबली की काम थांबले. ज्यांचे उत्पन्न हंगामी आहे, आणि काशीदच्या छायाचित्रकाराचे ते पावसाळ्यात जवळजवळ आटते, त्यांना ही अट जाचक आहे. कंपनीलाही हे उणेपण जाणवत असावे. २०२५ मध्ये तिने आयपॅडच्या प्रणालीत हलत्या खिडक्या, वरच्या कडेची आज्ञापट्टी आणि मागे चालू राहणारी कामे आणली, म्हणजे टॅब्लेटला लॅपटॉपच्याच वळणावर नेले. ज्याची जागा घ्यावयाची त्याचे अनुकरण करावे लागणे, हे त्याची जागा अद्याप घेता न आल्याचेच लक्षण मानावे लागेल.

टॅब्लेटने आपले सारे काम भागते असे सांगणाऱ्यांकडे म्हणूनच एक चौकशी करावी: घरी काय आहे? बहुतेकांच्या मेजावर एक संगणक असतोच, किंवा त्यांच्या कचेरीत तो असतो, किंवा त्यांचे काम पुरे करणारा सहकारी असतो. त्या मेजाच्या बळावर ते समुद्रकाठी मुक्त असतात. अलिबागला १९०४ साली चुंबकीय वेधशाळा उभी राहिली, कारण मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार होत्या आणि कुलाब्याच्या सूक्ष्म उपकरणांच्या नोंदी त्यामुळे बिघडल्या असत्या. उपकरणे तीच, पण कोठे ठेवली असता ती खरे बोलतील याचा विचार त्या काळच्या शास्त्रज्ञांनी केला. टॅब्लेट किनाऱ्यावर खरा आहे, तितका छापखान्याच्या दारात नाही. हे त्याचे न्यून म्हणावयाचे कारण नाही. त्याची ती जागा आहे. अन्याय होतो तो दोन यंत्रे परवडणाऱ्याचा अनुभव एकच यंत्र परवडणाऱ्याला उपदेश म्हणून सांगितला जातो तेव्हा.

सार्वजनिक व्यवहारात ‘टॅब्लेट’ या एका शब्दाखाली भलत्याच वस्तू एकत्र येतात, त्यानेही घोटाळा वाढला आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने ‘आकाश’ आणला, २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले, आणि ‘महाज्योती’ स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांना ते देत आली आहे. ही वाचण्याची, पाठ ऐकण्याची साधने आहेत. त्यांचे मोजमाप त्याच उद्देशाने करावे. त्यांच्यामुळे टॅब्लेट म्हणजेच आधुनिक शिक्षण अशी जी समजूत पसरली आहे, ती कलाशिक्षणात आणणे मात्र महागात पडेल.

मुरूड किंवा श्रीवर्धनहून मुंबईला उपयोजित कला शिकावयास निघालेल्या मुलाने पहिले यंत्र म्हणून बऱ्यापैकी लॅपटॉप घ्यावा आणि त्याला काही हजारांत मिळणारी रेखनपट्टी जोडावी. हात आणि रेघ वेगळ्या राहण्याची अडचण काही आठवड्यांत सवयीने बरीच कमी होते. फाइल न उघडण्याची अडचण सवयीने कमी होत नाही. मुलगा चित्रकथा वा बालपुस्तकांची चित्रे यांतच पुढे जाणार, हे निश्चित झाल्यावर टॅब्लेट त्याच्या स्वतःच्या कमाईतून येऊ द्यावा. दरम्यान त्यावर हात बसविण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे, आणि ती देणे हे महाविद्यालयांचे काम आहे. मुद्राचित्रणाचा दाबयंत्र किंवा छायाचित्रणाची अंधारखोली कोणी विद्यार्थ्याला घरी विकत घ्यावयास सांगितली नव्हती. ती विभागाने ठेवली आणि पाळीपाळीने सर्वांनी वापरली. दहा-बारा चांगले टॅब्लेट त्याच रीतीने विभागाच्या कपाटात राहू शकतात. प्रवेशाच्या वेळी हाती पडणाऱ्या साहित्याच्या यादीत लाख-सव्वा लाखाचे यंत्र लिहिण्यापूर्वी संस्थांनी एवढी तरतूद आपल्या अंदाजपत्रकात करावी.